मॉरिशसमधला शेवटचा दिवस: वाक्वा ते विमानतळ, माएबूरमार्गे

मॉरिशसचा विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे आणि पाहुणे मंडळी उतरतात उत्तरेला नाहीतर पश्चिमेला. मग शेवटच्या दिवशी राहिलेली खरेदी उरकायला पोर्ट लुईला जायचं, दुपारी तिथल्या गर्दीत अडकायचं आणि संध्याकाळी अख्खं बेट ओलांडून विमान गाठायचं, असा प्रकार होतो. राजधानी ते विमानतळ पन्नासेक किलोमीटर. कचेऱ्या सुटायच्या वेळी त्याला एक तास लागेल की दोन, याचा भरवसा नाही. पोर्ट लुईतली मेट्रो २०२२पासून क्यूरपिपपर्यंत येते, म्हणजे मधल्या पठारावरच्या शहरापर्यंत, पण विमानतळाला जात नाही. तेव्हा रात्रीचं विमान असेल तर तो दिवस आग्नेय किनाऱ्यालाच द्यावा. सोमवार असेल तर फारच उत्तम, कारण त्या किनाऱ्यावरच्या माएबूर गावचा आठवडी बाजार सोमवारी भरतो.

आमचा मुक्काम वाक्वाला, मॉरिशशियन मराठी मित्रांच्या घरी होता. दिवाळीची सुट्टी, नोव्हेंबरचा पहिला आठवडा. इथं तेव्हा उन्हाळा सुरू होत असतो, गुलमोहर फुलायला लागलेला असतो आणि वादळांचा खरा हंगाम अजून लांब असतो. एक लक्षात ठेवा, २ नोव्हेंबरला करारबद्ध मजुरांच्या आगमनाची सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी संग्रहालयं बंद मिळतील.

आदल्या रात्री: सामान

मॉरिशसहून आणण्यासारख्या गोष्टी थोड्याच, पण वजनदार. गडद मस्कोव्हाडो साखर, ब्वा शेरीचा व्हॅनिला चहा, व्हॅनिलाच्या शेंगा, माझावारू म्हणजे तेलातला मिरचीचा ठेचा, भाज्यांचं मोहरी-हळदीतलं लोणचं आणि रम. मस्कोव्हाडोत मळी असल्यामुळे ती ओलसर असते. पाकीट फोडलं की आठवडाभरात दगड होते. मूळ पाकीट न फोडता आणावी, घरी आल्यावर हवाबंद डब्यात घालावी.

माझावारूची बाटली हातातल्या बॅगेत चालत नाही. सुरक्षा तपासणीत पेस्ट ही द्रवातच धरतात आणि १०० मिलीच्या वर ती जाते कचऱ्यात. मोठ्या बॅगेत घालतानाही झाकण उघडून तोंडावर प्लास्टिकची फिल्म लावायची, वर झाकण घट्ट बसवायचं, मग झिपची पिशवी आणि त्यावर मोजा. तेल गळतं ते झाकणाच्या आट्यांमधून, त्यामुळे नुसती बाहेरून चिकटपट्टी गुंडाळून उपयोग होत नाही. रम भारतात मोठ्या माणशी दोन लिटरपर्यंत शुल्काशिवाय आणता येते. बाटलीवरचा अल्कोहोलचा आकडा जरूर वाचा, कारण ७० टक्क्यांच्या वरचं मद्य विमानात कुठल्याच सामानात चालत नाही.

व्हॅनिला चहाबद्दल यजमानीणबाईंनी दिलेली सूचना जशीच्या तशी: "उकळायचा नाही." आपल्यासारखा दूध-पाण्यात खळाखळा उकळला तर व्हॅनिलाचा वास वाफेबरोबर जातो आणि मागं तुरटपणा तेवढा उरतो. उकळतं पाणी पानांवर ओतायचं, तीन-चार मिनिटं झाकायचं, मग गरम दूध आणि साखर.

सकाळी ६: वाक्वा

वाक्वा बेटाच्या मधल्या पठारावर आहे. किनाऱ्यापेक्षा तीन-चार अंशांनी गार, आणि सकाळी रिमझिम ठरलेली. मॉरिशसच्या हवामान खात्याचं मुख्यालयही वाक्वालाच आहे. इथल्या पावसाकडे पाहून कोणी आपला समुद्राचा बेत रद्द करू नये. चाळीस मिनिटांवर किनाऱ्याला लख्ख ऊन असतं.

नाश्त्याला धोल पुरी. रस्त्यावर गाडीवर मिळते ती कागदात गुंडाळलेली, दोनची जोडी. आत पावट्याच्या जातीच्या पांढऱ्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोचं रुगाय म्हणजे मसालेदार रस्सा, चटणी आणि लोणचं. घरची करायची तर आदल्या रात्रीपासून तयारी लागते. आमच्यासाठी ती यजमानांच्या आईंनी, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या आजींनी, केली होती.

पिवळ्या वाटाण्याची डाळ अर्धा किलो, मैदा एक किलो. वाटाण्याची मिळाली नाही तर हरभऱ्याची चालते. डाळ दोन तास भिजवून हळद घालून शिजवायची, पण बोटांत दाबली की चुरा व्हावा इतकीच. पुरणासारखी गाळ शिजवली की सगळं बिघडतं, कारण तिच्यातलं पाणी लाटताना बाहेर यायला लागतं आणि पुरी फुटते. शिजलेली डाळ चाळणीत पूर्ण निथळू द्यायची, निथळलेलं पाणी ठेवायचं. डाळ गार झाली की कोरडीच वाटायची. रव्यासारखी सुटी, भुरभुरीत झाली पाहिजे. त्यात मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. मैदा त्या निथळलेल्या पिवळ्या पाण्यात, थोडं तेल घालून, पोळीच्या कणकेपेक्षा सैल मळायचा आणि अर्धा तास झाकून ठेवायचा. मग उंडा भरून पातळ लाटायचं. तव्यावर तेलाचा हात फिरवून एका बाजूला अर्धा मिनिट, त्याहून जास्त नाही. जास्त भाजली तर कडक होते आणि घडी घालताना चिरते.

प्रवासाला बांधून द्यायच्या पुऱ्या आजींनी तव्यावरून काढून एकीवर एक न रचता कापडावर सुट्या पसरल्या. गरम रचल्या की वाफ धरते आणि डाळ आंबते. पूर्ण गार झाल्यावर चौघडी करून केळीच्या पानात, वर कागद. भाजी बरोबर घ्यायची नाही, फक्त कोरडं लोणचं. अशा बांधलेल्या पुऱ्या दहा-बारा तास सहज टिकतात. त्यापुढे मोह आवरावा.

दिवाळीचे गातो पातात डब्यात शिल्लक होते. रताळ्याच्या पारीत ओलं खोबरं, साखर, वेलची भरून अर्धचंद्राकार कापून तळलेले. रताळी सालासकट उकडायची. सोलून फोडी उकडल्या तर त्या पाणी पितात, मग पीठ जास्त लागतं आणि तळल्यावर पारी चामट होते. ताजे असतील त्या दिवशी खावेत, दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. चव मात्र तशीच.

या घरात बोलणं क्रिओलमधून, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या इथल्या बोलीतून, चालतं, वर्तमानपत्र फ्रेंच, आरती मराठीत. मुलांच्या आरतीच्या वहीत देवनागरीच्या खाली रोमन अक्षरांत तीच ओळ लिहिलेली. इथले मराठी लोक रत्नागिरी, सातारा, सावंतवाडी, कुलाबा (आजचा रायगड जिल्हा) या भागांतून मुंबई बंदरातून आले. १८३४पासून पुढच्या काळात भारतातून सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर या बेटावर उतरले, त्यांत मुंबईकडून आलेल्यांचा वाटा लहान. पोर्ट लुईतला आप्रवासी घाट, जिथं ते उतरले, २००६पासून जागतिक वारसास्थळ आहे आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या नोंदी जपलेल्या आहेत. नोंदीत आलेलं पणजोबांचं पहिलं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं, म्हणून सखाराम, रामजी अशी आडनावं भेटतात. गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते आणि कोकणातला जाखडी नाच गणपतीपुढे आजही होतो. ही ओळख आदल्या दिवसांत झाली तर बरी. शेवटच्या सकाळी बसून कोणाला नीट ऐकवत नाही, सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे.

निघताना आजींनी ओटी भरली. ओटीचा नारळ हा विमानप्रवासात नेमका अडतो: सुकं खोबरं पेट घेणारा माल म्हणून सामानात चालत नाही आणि अख्खा नारळ हातातल्या बॅगेत सुरक्षा रक्षक बाजूला काढतात. आजींना हे ठाऊक होतं. ओटी भरली, नमस्कार झाला, आणि लगेच तोच नारळ फोडून सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. तांदूळ आणि सुपारी पुरचुंडीत.

साडेसात: पठारावरून खाली

ऊसतोडणी जूनपासून डिसेंबरपर्यंत चालते. म्हणजे नोव्हेंबरात रस्त्यावर उसाने भरलेले ट्रेलर असतात आणि महामार्ग सोडून आतल्या रस्त्याला लागलं की त्यांच्यामागे रांगेत जावं लागतं. वाक्वा ते ब्लू बे पस्तीसेक किलोमीटर. पाऊण तास धरावा, ट्रेलर मिळाला तर तास. गाडी डाव्या बाजूनेच चालवतात, त्यामुळे आपल्याला सोपं.

शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतात, काही तर दुमजली घराएवढे. बेट ज्वालामुखीचं, नांगराला लागणारे हे दगड मजुरांनी हातांनी वेचून रचले. बहुतेक टुरिस्ट गाड्या त्यांच्याजवळून थांबल्याशिवाय जातात. थांबावं. एखाद्या ढिगाच्या पायथ्याशी उभं राहून वर पाहिलं की मजुरी म्हणजे काय ते कळतं.

सामान वाटेत प्लेन मान्येंला यजमानांच्या मावशींकडे उतरवलं. हे गाव विमानतळाला लागूनच आहे. दिवसभर बॅगा गाडीत ठेवून किनाऱ्यावर गाडी उभी करू नये, काचा फोडून चोऱ्या होतात. ओळखीचं घर नसेल तर प्लेन मान्यें किंवा ब्लू बेमध्ये गेस्टहाउसची खोली फक्त दिवसापुरती घ्यावी. संध्याकाळी अंघोळ करून कोरड्या कपड्यांत विमानात बसता येतं, हा फायदा वेगळाच.

साडेआठ: ब्लू बे

समुद्र सकाळी करायचा, याला दोन कारणं. आग्नेय वारा दुपारनंतर जोर धरतो आणि पाणी गढूळ, लाटांचं होतं. दुसरं म्हणजे ओले कपडे वाळायला दिवस मिळतो. बॅगेत ओले टॉवेल गेले तर वजनही वाढतं आणि मुंबईत उघडेपर्यंत कुबट वास सुटतो.

ब्लू बेचं सागरी उद्यान ३५३ हेक्टरचं आहे, २००८पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत. तळाला काच असलेल्या बोटी किनाऱ्यावरूनच सुटतात आणि साधारण तासाभराची फेरी असते. भाव बोटीत बसण्यापूर्वी ठरवावा आणि त्यात पाण्यात उतरण्याची वेळ, गॉगल-नळी आणि लाइफ जॅकेट धरलं आहे का ते विचारावं. काचेतून प्रवाळ दिसतात, पण काच खरवडलेली असली तर सगळं हिरवट धुक्यासारखं दिसतं. काच पाहून बोट निवडा. आमचा नावाडी तरुण होता, मेंदूसारख्या सुरकुत्यांच्या मोठ्या गोल प्रवाळावर बोट आणून इंजिन बंद करायचा आणि मग कोणीच बोलायचं नाही असा त्याचा नियम. मासे खालून वर येईपर्यंत मिनिटभर लागतं. इतर बोटी गर्रकन वळसा घालून जातात, त्यांना पांढरं-करडं खडक तेवढं दिसतं. काही ठिकाणी प्रवाळ खरोखरच पांढरं पडलेलं आहे. पाणी जास्त तापलं की प्रवाळात राहणारं शैवाल निघून जातं, आणि रंग त्या शैवालाचा असतो.

पोहणाऱ्यांसाठी बोयांनी आखलेला भाग आहे, त्याच्या बाहेर जाऊ नये. बाहेर बोटींची ये-जा आणि ओढ दोन्ही आहे. भरती-ओहोटीचा फरक इथं जेमतेम अर्ध्या मीटरचा, तरी ओहोटीला प्रवाळ पोटाला घासण्याइतकं वर येतं. पायात जाड तळव्याचे पाण्यातले बूट हवेतच. समुद्री साळिंदराचे काटे मोडून आत राहतात, आणि दगडमासा वाळूत दगडासारखाच दिसतो. त्याचा काटा लागला तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, बुडवून ठेवायचा आणि तसाच दवाखाना गाठायचा. ते विष उष्णतेने निकामी होतं, बर्फाने नाही.

शेवटच्या दिवशी स्कूबा डायव्हिंग करू नका, कोणी कितीही स्वस्तात देऊ केलं तरी. दाबाखाली श्वास घेतल्याने रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो; विमानात दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त असतील तर १८ तास विमान टाळायचं असतं. नळी लावून पृष्ठभागावर पोहायला मात्र काही हरकत नाही.

मुलं आठ-दहा वर्षांपुढची असतील तर ब्लू बेऐवजी इल ओ झेग्रेत या छोट्या बेटाचा विचार जरूर करावा. २६ हेक्टरचं राखीव बेट, प्वांत जेरोमहून बोट, वाटाड्याबरोबर दीड-दोन तासांची पायपीट. जुन्या एबनीच्या झाडांमध्ये गुलाबी कबुतर दिसतं. १९९०च्या सुमारास रानात ही कबुतरं दहाच्या आसपास उरली होती. अल्दाब्रा बेटांवरची महाकाय कासवं तिथं मोकळी फिरतात. मॉरिशसची मूळ कासवं संपली, पण फळं खाऊन बिया पसरवायला कोणी तरी हवं म्हणून ही आणून सोडली. एका सकाळी दोन्ही बसवायच्या भानगडीत पडू नये.

किनाऱ्यावर नळ चालू असेलच असं नाही, म्हणून गाडीत पाच लिटरचा पाण्याचा कॅन. वाळू, प्रवाळाचे तुकडे, शंख-शिंपले मुलांच्या खिशातून इथंच झटकून घ्या. प्रवाळ आणि शंख गोळा करायला मनाई आहे आणि विमानतळावर बॅग उघडली गेली तर लहान मुलाचं कारण कोणी ऐकत नाही.

पाण्यातून बाहेर आल्यावर अननस. विक्रेता देठाला धरून अननस उलटा उभा करतो, साल उतरवतो, आणि मग डोळे एकेक न काढता तिरप्या ओळीत सुरी चालवून सर्पिल खाच पाडत जातो. दोन फेऱ्यांत सगळे डोळे गेलेले, गर जवळजवळ वाया नाही. शेवटी चार उभे काप, देठाचीच मूठ, वर मीठ-मिरची आणि चिंचेचं पाणी. मुलांसाठी मिरची आधीच नको म्हणून सांगावी. त्यांची "थोडी" आपल्या थोडीपेक्षा बरीच पुढची असते.

अकरा: माएबूरचा बाजार

ब्लू बेपासून माएबूर दहा-पंधरा मिनिटांवर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंचांनी वसवलेलं, काटकोनात रस्ते आखलेलं जुनं गाव. नाव फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बूर्दोनेचं. सोमवारचा बाजार समुद्राच्या बाजूला भरतो. भाजीचा भाग पाहत फिरताना कारली, दोडकी, भेंडी, शेवग्याचा पाला, अळू असं सगळं ओळखीचं दिसतं आणि शेजारीच शूशू, म्हणजे हिरवी, नासपतीएवढी काटेरी फळभाजी, ढिगाने.

इथं विणलेल्या टोपल्या, सुती कापड, सुके मसाले, लोणची घ्यावीत. व्हॅनिलाच्या शेंगा नीट पाहून. चांगली शेंग काळपट, तेलकट, बोटाभोवती गुंडाळली तरी न मोडणारी. कडक आणि मोडकी शेंग जुनी असते. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१६पासून बंदी आहे, कापडी पिशवी बरोबर हवी. रोख आणि सुटे ठेवा, मोठी नोट काढली की सुट्ट्यासाठी विक्रेता शेजारच्या टपरीवर जातो आणि पाच मिनिटं मोडतात. घासाघीस कपड्यांवर चालते, भाजीवर नाही. ताजी फळं, बिया, रोपं भारतात न्यायच्या फंदात पडू नका.

जेवण बाजाराच्या कडेलाच. तळलेले नूडल्स, वाफवलेले शूशूचे गोळे, मोहरीतली मासळी. शाकाहारी असाल तर नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही, कारण शूशूच्या गोळ्यात सुकी कोळंबी असते आणि नूडल्सवर मासळीचा सॉस पडतो. क्रिओलमध्ये सरळ सांगावं: "सां लाव्यान, सां प्वासों, सां क्रेव्हेत", मांस नको, मासे नको, कोळंबी नको. अंडं नको असेल तर "सां दिझेफ" जोडा. आमच्या गाडीवरच्या बाईंनी ते ऐकून तवा पुसला, नवीन तेल घातलं आणि आपणहून विचारलं, कांदा तरी चालतो ना? शेवटी आलुदा: गार दूध, सब्जा, अगर-अगरचे तुकडे, व्हॅनिलाचं सरबत.

एक: मॅनिऑकची बिस्किटं

ला शो नदीवरचा पूल ओलांडला की व्हिल न्वार. तिथं रो कुटुंबाचा मॅनिऑक बिस्किटांचा कारखाना आहे, १८७०पासूनचा. मॅनिऑक म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. कारखाना सोमवार ते शुक्रवार आणि दुपारी लवकर आटोपतो, म्हणून दीडच्या आत पोचावं. माणशी छोटं तिकीट असतं, शेवटी चहा-बिस्किटं त्यातच.

कंद सोलून, धुऊन, किसून दाबतात. दाबून पाणी काढणं हाच महत्त्वाचा टप्पा. कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, ती किसल्या-पिळल्याने आणि पुढे भाजल्याने जातात. कोरडा झालेला कीस चाळून त्यात साखर आणि स्वाद मिसळतात: लोणी, नारळ, दालचिनी, बडीशेपेच्या वासाचा चक्रीफूल, चॉकलेट. पाणी, अंडं, गहू काहीच नाही. हे भुरभुरीत पीठ चौकोनी साच्यात भरून तापलेल्या लोखंडी पत्र्यावर ठेवतात. खाली जाळ उसाच्या वाळलेल्या पाचटाचा. साचे लावणाऱ्या बाई उघड्या बोटांनी बिस्किटाची कड चाचपून, कधी उलटायचं ते ठरवत होत्या. घड्याळ कुठेच नव्हतं. पाचटाचा जाळ एकसारखा नसल्यामुळे वेळ लावून उपयोगही नाही, असं त्यांचं म्हणणं. पिठातला ओलावा आणि स्टार्चच त्याला बांधतो. पत्रा गार असेल तर बिस्किट उलटताना विस्कटतं, फार तापला तर आतून कोरडं पडायच्या आधी वरून करपतं.

गव्हाची अॅलर्जी असलेल्यांसाठी याहून चांगली भेट नाही. बिस्किटं ठिसूळ आहेत, हातातल्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवा. लोण्याची आणि नारळाची उत्तम. चॉकलेटची माझ्या मते चुकवली तरी चालेल.

अडीच: संग्रहालय आणि किनारा

राष्ट्रीय इतिहास संग्रहालय गावाच्या वेशीवर एका जुन्या फ्रेंच हवेलीत आहे. मंगळवारी बंद. ऑगस्ट १८१०मध्ये समोरच्या ग्रां पोरच्या खाडीत फ्रेंच आणि इंग्रज आरमारांची लढाई झाली आणि फ्रेंच जिंकले. नेपोलियनच्या काळातला त्यांचा हा एकच सागरी विजय पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेला आहे. फ्रेंच कप्तान द्युपेरे आणि इंग्रज कप्तान विलोबी, ज्याचा या लढाईत डोळा गेला, या दोघांवर याच घरात, एकाच छपराखाली उपचार झाले. विजय तीन महिनेच टिकला. डिसेंबर १८१०मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं, आणि त्या फौजेत हिंदुस्थानातले शिपाई होते. तळमजल्यावर १७४४मध्ये बुडालेल्या सें जेरां जहाजाची घंटा आहे. तासाभरात सगळं होतं. मुलांना कंटाळा आला तर आवारात मोकळी जागा भरपूर.

मग प्वांत दे रेगात. लढाईचा स्मारकस्तंभ, समोर सिंहाच्या आकाराचा डोंगर, तांबड्या छपराचं घर असलेलं इवलंसं बेट. इथल्या बाकावर जाळं विणत बसलेल्या एका आजोबांनी वाकाशिओ जहाजाचा विषय आपणहून काढला. २५ जुलै २०२०ला ते मालवाहू जहाज प्वांत देनीसमोरच्या प्रवाळभिंतीवर चढलं आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे हजार टन तेल खाडीत आलं. गावकऱ्यांनी याच किनाऱ्यावर कापडाच्या लांब पिशव्या शिवून त्यांत उसाचं पाचट भरलं, तरंगायला रिकाम्या बाटल्या बांधल्या आणि तेल अडवायला समुद्रात सोडल्या. लोकांनी केस कापून दिले, कारण केस तेल धरून ठेवतात. आजोबा पिशवीची लांबी हात पसरून दाखवत होते. आता पाणी स्वच्छ दिसतं. खारफुटीच्या मुळांशी मात्र चिखल उकरून पाहणारे अभ्यासक अजून येतात, असं ते म्हणाले.

साडेचारनंतर: प्लेन मान्यें आणि विमानतळ

मावशींकडे अंघोळ, चहा, आणि बॅगा पुन्हा काट्यावर. बाजारातली खरेदी भरल्यावर वजन वाढलेलंच असतं, आणि ते घरी कळलेलं बरं. हातकाटा नसेल तर माणसाने बॅग घेऊन न्हाणीघरातल्या काट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं. साखर मोठ्या बॅगेतच. हातातल्या बॅगेतली अपारदर्शक गच्च पाकिटं उघडून दाखवावी लागतात.

विमानतळ इथून पाच-सात मिनिटं. काउंटर साधारण तीन तास आधी उघडतो. निरोप द्यायला आलेल्यांना सुरक्षा तपासणीपुढे येता येत नाही, म्हणून आधी बॅगा देऊन बोर्डिंग पास घ्यायचे, मग बाहेर येऊन मंडळींबरोबर कॉफी घ्यायची आणि सुटायच्या दीड तास आधी आत जायचं. उलट केलं, म्हणजे आधी गप्पा आणि मग रांग, तर दोन्ही नीट होत नाहीत. आमच्याकडून निरोपाला दोन गाड्या भरून माणसं आली होती. इथल्या घरांत हे नेहमीचं आहे, नको म्हणून उपयोग नाही.

व्हॅट १५ टक्के आहे. मोठी खरेदी केली असेल तर दुकानातच पासपोर्ट दाखवून परताव्याचा फॉर्म घ्यावा लागतो आणि माल मोठ्या बॅगेत जाण्यापूर्वी काउंटरवर दाखवावा लागतो. बॅग पट्ट्यावर गेली की संपलं. उरलेले मॉरिशस रुपये आतल्या काउंटरवर बदला किंवा खर्च करा, मुंबईत ते घेणारा शोधावा लागतो आणि दर वाईट मिळतो. नाणी तर कोणीच घेत नाही, ती मंडळींमधल्या पोरांना द्या.

थेट विमानाने मुंबई साडेसहा तासांच्या आसपास, आणि घड्याळ दीड तास पुढे. म्हणजे रात्री सुटलेलं विमान पहाटे पोचतं आणि झोप होते जेमतेम चार तासांची. पुण्या-नाशिककडे जायचं असेल तर गाडी उतरण्याच्या वेळेनंतर दोन तासांनी सांगावी. इमिग्रेशन लवकर होतं, पण पहाटे आखाती देशांतली विमानं एकदमच उतरतात आणि बॅगांच्या पट्ट्यावर वेळ जातो.